‘डॉलरवाल्या प्रोफेसर’कडून आपल्या लेआउटवाल्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

रहिवासी संघाचे अध्यक्ष आणि सचिव, उत्सव मंडळाची पोरं, ग्रुपवर पहाटे साडेपाचला गुड मॉर्निंग टाकणारे काका, प्लॉटवाले भाऊ, आणि आईकडून माझा नंबर घेऊन "सहज फोन केला" म्हणणारे समस्त नातेवाईक, तुम्हा सगळ्यांना एकाच पत्रात लिहून राहिलो. एकेकाला वेगळं समजवायला गेलो तं माझी अख्खी सुट्टी त्यातच जाते आणि शेवटी प्रश्न पुन्हा तोच येतो, "ते सगळं ठीक आहे भाऊ, पण महिन्याचे पडते किती?"

तं आज सांगूनच टाकतो. लपवून काही फायदा झाला नाही, उलट तुमच्या मनातला आकडा दरवर्षी वाढतच चालला.

मी इथियोपियातल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत शिकवतो. दुबई नाही, इथियोपिया. ग्रुपवर माझ्या वाढदिवसाला बुर्ज खलिफाचा फोटो टाकणाऱ्यांनी हे एकदा नकाशात बघून घ्या. आफ्रिकेतला देश आहे, समुद्र नाही, राजधानी अदिस अबाबा, आणि मी राहतो ते गाव तिथून बसनं अख्ख्या दिवसाच्या अंतरावर. उंचावर असल्यामुळं थंड आहे, म्हणजे तुम्ही मे महिन्यात ४५ डिग्रीत कूलरमधे पाणी टाकत असता तेव्हा मी स्वेटर घालून लेक्चरला जातो, एवढी एक गोष्ट मात्र खरोखर चैनीची आहे, बाकीचं ऐका.

गेलो काऊन, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच आहे. नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झालं, पीएचडी झाली, आणि नागपुरातल्या कॉलेजांमधे सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं पैसे घेऊन, तास घेत घेत चाळिशी दिसायला लागली. यूजीसीनं २०१९ मधे गेस्ट फॅकल्टीला तासाला १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार असं काढलं होतं, पण आमच्या हातात तो आकडा कधी पडला नाही. जे पडायचं तेही कधी दिवाळीनंतर, कधी मार्चएंडला, आणि सुट्टीच्या महिन्यांचं काहीच नाही. परमनंट जागा निघाली की लोक पहिले विचारायचे "भाव काय चालू आहे", विषय कोणता ते नंतर. अशात एक ओळखीचे सर आधीपासून तिकडं होते, त्यांनी सांगितलं की अर्ज टाक, इंग्रजीतूनच शिकवायचं असते. टाकला, झालं.

आता आकडा. करारावर लिहिलं आहे १,४०० डॉलर. इथंच तुमचं कॅल्क्युलेटर सुरू होते, मला माहीत आहे, १,४०० गुणिले ८५ आणि लगेच "लाखाच्या वर आहे ना बाप्पा!" थांबा जरा. त्यातले ६० टक्केच मला डॉलर म्हणून देशाबाहेर पाठवता येतात, म्हणजे ८४०. उरलेले ४० टक्के तिकडच्या पैशात, बिरमधे मिळतात, तेही करार झाला तेव्हाच्या भावानं बांधून दिलेले. ८४० डॉलर निघाले की वाटेत इकडची बँक, तिकडची बँक आणि मधली कुठलीशी तिसरीच बँक आपापला चार्ज कापते, आणि आपल्या इथल्या एनआरई (परदेशात कमावणाऱ्यांच्या) खात्यात सत्तर हजाराच्या आतबाहेर येऊन पडतात. म्हणजे ज्या महिन्यात पडतात त्या महिन्यात.

कारण तिकडं डॉलरचाच दुष्काळ. देशाला डॉलर मिळतात मुख्य करून कॉफी विकून, आणि लागतात पेट्रोल, खत, औषधं आणायला. त्यांची गरज आधी, ते बरोबरच आहे, त्यात माझी तक्रार नाही. पण त्या सगळ्यांच्या मागं रांगेत आमच्यासारखे मास्तर उभे असतात. दर वेळी नवा फॉर्म, कराराची झेरॉक्स, वर्क परमिट, रेसिडन्स आयडी, आणि युनिव्हर्सिटीच्या फायनान्स ऑफिसचं अम्हारिक भाषेतलं पत्र, त्यावर जांभळा गोल शिक्का. शिक्का सहीवर अर्धा आणि कागदावर अर्धा बसला पाहिजे. पूर्ण कागदावर बसला तं काउंटरवरची मुलगी मान हलवते, काही बोलत नाही, फक्त पत्र काचेखालून परत सरकवते, की मी पुन्हा बजाज करून (तिकडं ऑटोला बजाजच म्हणतात) युनिव्हर्सिटीत, तिथं शिक्केवाले साहेब जेवायला गेलेले. कधी सगळे कागद बरोबर असतात आणि डॉलरच नसतो. मग पुढच्या महिन्यात या. इकडं माझ्या होम लोनचा हप्ता ५ तारखेलाच कापला जातो, त्याला इथियोपियाशी काही घेणं देणं नाही.

या पत्राची आणखी एक गंमत सांगतो. तिकडचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागं चालते, वर्षाला तेरा महिने असतात आणि नवीन वर्ष सप्टेंबरमधे लागते. तं २०२४ च्या उन्हाळ्यात मी इथल्या बँकेत पगाराचं पत्र दिलं तेव्हा साहेबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "सर, हे तं २०१६ चं आहे, ताजं आणा." आता त्यांना समजावून सांगा की साहेब ताजंच आहे, देशच मागं आहे. समजावलं. ते म्हणाले, मग एम्बसीकडून अटेस्ट करून आणा. एम्बसी अदिसला, मी नागपुरात.

पुढचा हिशोब तुमच्यासमोरच मांडतो. सत्तर हजारातले २४ हजार लोनचे. आईची औषधं, तिच्यासाठी ठेवलेल्या बाई आणि फिजिओवाले मिळून १५ हजार. पोरीची शाळा, ट्यूशन, व्हॅन. किराणा, गॅस, लाइट बिल, आणि उन्हाळ्यातलं लाइट बिल तं तुम्हाला सांगायलाच नको. विमा. पेन्शन नाही, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, म्हणून स्वतःच एनपीएसमधे दर महिन्याला थोडे टाकतो, तेही एखाद्या महिन्यात राहून जाते. येण्याजाण्याचं तिकीट करार सुरू होताना आणि संपताना युनिव्हर्सिटी देते, मधल्या सुट्टीचं आपलं आपण. बायको इथं प्रायव्हेट शाळेत शिकवते म्हणून घर चालून राहिलं, नाही तं मी तिकडं इंजेरा (तिकडची आंबवलेली पोळी) खात असतो आणि इथं उधारी चालली असती.

बायको आणि पोरगी तिकडं का नाही येत, हेही विचारून झालं आहे तुमचं. त्या गावात पोरीसाठी शाळा नाही. आईला कुठं नेऊ.

आता येतो सीसीटीव्हीच्या मीटिंगवर, कारण हे पत्र लिहायला खरं तं तिथूनच सुरुवात झाली. २९ जुलै २०२४, सोमवार, संध्याकाळी अध्यक्षांच्या पोर्चमधे खुर्च्या टाकल्या होत्या, पाऊस भुरभुर चालू होता, आलुबोंडे आले होते. घरटी ३ हजार ठरले. मग सचिव साहेब रजिस्टर घेऊन माझ्याकडं वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, तुमचे १० लिहू ना? तुम्ही तं डॉलरमधे कमावता." सगळे हसले, चांगल्या मनानंच हसले, मीही हसलो. आणि तेव्हाच खिशातला फोन वाजत होता. तिकडच्या लोकांचं सगळं टेलिग्रामवर चालते, तं आमच्या डिपार्टमेंटच्या ग्रुपवर धडाधड मेसेज. इथियोपियाच्या नॅशनल बँकेनं त्याच दिवशी बिरचा भाव बाजारावर सोडून दिला होता. आधी सरकारी भाव ५७-५८ बिरला एक डॉलर होता, त्या दिवशी तो जवळपास ७५ वर गेला. कोणीतरी बँकेतल्या भावाच्या बोर्डाचा फोटो टाकला होता. खाली एका सहकाऱ्यानं फक्त हात जोडल्याची खूण टाकली होती.

त्याच दिवशी आयएमएफनं त्यांना ३.४ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला, त्यामुळं देशाचं पुढं भलं होईल की नाही ते इकॉनॉमिक्सवाले सांगतील. माझं काय झालं ते मी सांगतो. माझा ४० टक्के भाग म्हणजे जवळपास ३२ हजार बिर, आकडा तोच राहिला. महिनाभरात डॉलर १०० बिरच्या वर गेला, वर्षाच्या शेवटी १२५ च्या आसपास. जो बिर जुलैत जवळपास दीड रुपयाचा होता तो डिसेंबरात ७० पैशाच्याही आत आला. म्हणजे ५६० डॉलरच्या जागी अडीचशेच्या आसपास. घरमालक बाई फार चांगल्या आहेत, दर सणाला कॉफीला बोलावतात, तीन वेळा उकळून तीन कप पाजल्याशिवाय सोडत नाहीत, पण तिसरा कप झाल्यावर त्यांनीही भाडं वाढवल्याचं सांगितलंच. त्यांनाही तेल त्याच दुकानातून आणायचं आहे. स्थानिक प्राध्यापकांचे हाल तं माझ्यापेक्षा वाईट, त्यांचा सगळाच पगार बिरमधे, मला निदान ८४० ची दोरी आहे.

बरं, भाव सुटायच्या आधी बाहेरच्या काळ्या बाजारात डॉलरचा भाव सरकारी भावाच्या दुपटीच्या घरात होता, तं "तिकडून काही जुगाड नाही का" हा प्रश्न आमच्या मावसभावानं विचारला आहे. आहे. करणारे करतात. मी करत नाही, वर्क परमिट गेलं की सगळंच गेलं, आणि परमिट दर वर्षी नवं होते, करारही दर वर्षी नवा होते. रिन्यूअलचं पत्र कधी सत्र संपायच्या आधी येते, कधी मी इथं येऊन महिना झाला तरी येत नाही. तेव्हा मी गॅलरीत उभा राहून फोन पाहत असतो, त्याला तुम्ही "सर सुट्टी एन्जॉय करून राहिले" म्हणता.

तं त्या दिवशी मी रजिस्टरमधे ३ हजारच लिहिले. तेव्हापासून दोघा-तिघांनी तोंड वाकडं केलं आहे, आणि "पैसा आला की माणूस असाच होते" हे वाक्य आमच्या आईपर्यंत पोचवण्यात आलं आहे. आईला बीपी आहे. म्हणून हे पत्र.

राग मला नाही आणि येणारही नाही, कारण २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र मी विसरू शकत नाही. गणपती बसलेले होते. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी रात्रीच लोकांच्या घरात शिरलं, आपल्या लेआउटमधे तळमजले बुडाले. तिकडं आपल्यापेक्षा घड्याळ अडीच तास मागं, मी पेपर तपासत जागाच होतो, बायकोचा फोन आला की पलंगापर्यंत पाणी आहे आणि आईला उचलता येऊन नाही राहिलं. त्यानंतर फोन लागेना. मंडळाची पोरं पेंडॉलमधे जागी होती, त्याच पोरांनी, जी वर्गणीची पावती फाडायला येतात तेव्हा मी आत पळतो, त्यांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट जिन्यावरून समोरच्या काकांच्या वरच्या मजल्यावर नेलं. तिची औषधाची पिशवीसुद्धा आणली, बायको सांगत होती की एकानं ती दातात धरली होती कारण दोन्ही हात खुर्चीला.

आणि मी, तुमचा डॉलरवाला प्रोफेसर, त्या महिन्यात एक रुपया पाठवू शकलो नाही. पैसे खात्यात होते, बिरमधे, नागपूरला येऊ शकत नव्हते. फ्रीज गेला, वॉशिंग मशीन गेलं, गाद्या, पोरीची पुस्तकं, सगळं चिखलात. सरकारचे १० हजार आले. बाकी गाद्या, गॅसची शेगडी, आईचा नवीन पलंग हे समोरच्या काकांनी स्वतःच्या पैशानं आणून टाकलं आणि मला फोनवर म्हणाले, "तू तुझे लेक्चर घे बे, इथं आम्ही आहोत." त्यांचे पैसे फेडता फेडता संक्रांत उलटून गेली. त्यांनी एकदाही विचारलं नाही. तेव्हा लेआउटनं माझ्यासाठी काय केलं हे कोणी मला सांगायची गरज नाही, मलाच ते सगळ्यात जास्त माहीत आहे. पण त्याची परतफेड डॉलरच्या भावानं मागाल तं माझ्याजवळ ती नाही.

तिकडं मी उपाशी राहतो असंही समजू नका, नाही तं आता आमच्या मामी चिवड्याचे डबे पाठवायला लागतील, आणि बॅगेचं वजन आधीच भरते. बुधवारी आणि शुक्रवारी तिकडच्या ख्रिश्चन लोकांचा उपास, त्या दिवशी हॉटेलात दूध, अंडी, मटण काही नाही, नुसत्या डाळी, भाज्या आणि शिरो. शिरो म्हणजे आपलं पिठलंच समजा, तिखट जरा वेगळं. माझे ते दोन दिवस सगळ्यात चांगले जातात. तूरडाळ मिळत नाही, ती नागपूरहून. लाइट जाते, इंटरनेट जाते, पण पोरं चांगली आहेत, मान देतात. बहुतेक शेतकऱ्यांची पोरं, युनिव्हर्सिटीच राहायला आणि जेवायला देते म्हणून शिकून राहिलेत. हेले सेलासी बादशहाच्या काळात तिकडच्या शाळांमधे भारतातून गेलेले खूप मास्तर होते, त्यामुळं आजही बँकेच्या रांगेत एखादे म्हातारे आजोबा खांद्यावर हात ठेवतात आणि इंग्रजीत सांगतात की मला गणित इंडियन टीचरनं शिकवलं. एकदा अशाच एका आजोबांनी मला आपल्या पुढं उभं केलं. डॉलर त्या दिवशीही नव्हता, तो भाग वेगळा.

तं आता कामाचं. संघाला विनंती, की माझ्या घराला जे सगळ्या घरांना तेच लावा. गडर लाइनचं असो, बोअरचं असो, ३ हजार तं ३ हजार. मंडळाला, वर्गणी दरवर्षीची देईन, आणि पोरांनो तुम्हाला महाप्रसादाच्या तेलाचे दोन डबे माझ्याकडून, ते २०२३ चे आहेत, त्याची पावती नको. नातेवाइकांना, दोन-दोन लाख उसने माझ्याजवळ खरंच नाहीत, लग्नाला आहेर करेन, पोरांचे फॉर्म भरून देईन, स्टेटमेंट ऑफ पर्पज लिहून देईन. आणि प्लॉटवाले भाऊ, तुम्ही माणूस चांगले आहात, पण बेसा झालं, जामठा झालं, समृद्धीच्या बाजूचं झालं, आता तुम्ही आरएल (रिलीज लेटर) नसलेला प्लॉट "एनआरआयसाठी स्पेशल" म्हणून दाखवून राहिलात. मला आधी माझं हे घर फेडू द्या.

राहिले आपल्या लेआउटमधले नेट-सेटवाले पोरं-पोरी. मागच्या महिन्यात तिघांनी विचारलं, "दादा, मीही जाऊ का तिकडं?" जा. मी नको म्हणणार नाही, सीएचबीवर म्हातारं होण्यापेक्षा बरंच आहे. फक्त करारावरचा डॉलरचा आकडा बघून घरच्यांना पेढे वाटायला लावू नका. आधी विचारा की त्यातले बाहेर किती पाठवता येतात, उरलेले बिर कोणत्या भावानं बांधले आणि भाव बदलला तं ते बदलतात का, तिकीट कोणाचं, आणि गाव कुठलं. गाव फार महत्त्वाचं. इथियोपियाच्या उत्तरेकडच्या टिग्रेमधे नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२ युद्ध चाललं तेव्हा तिथले फोन आणि बँका बंद होत्या, पगार झाला की नाही हे विचारायलाही सोय नव्हती, आणि अम्हारा भागात २०२३ च्या ऑगस्टपासून चकमकी सुरू आहेत. पिवळ्या तापाची लस घेऊन कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, परत येताना एअरपोर्टवर ते मागतात. आणि "नोकरी लावून देतो, इतके द्या" म्हणणारा कोणी भेटला तं त्याला एक रुपया देऊ नका, माझी जागा फुकटच लागली होती.

मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथं आहे, म्हणजे रिन्यूअलचं पत्र आलं तं. ज्याच्या हातात ऑफर आहे त्यानं ती घेऊन रविवारी सकाळी या, ओळ न ओळ वाचून देतो, पोहे खाऊन जा. सोबत प्लॉटवाल्या भाऊंना आणू नका.

तुमचाच,
शेवटून तिसऱ्या घरातला प्रोफेसर